विहिरीची गावपळण

कुडाळ

कुडाळ स्टेशनवर उतरले आणि आधी मातीकडेच बघत राहिले. डिसेंबर महिना, आणि रुळांच्या कडेला गवत हिरवं! आमच्या मनमाडला डिसेंबरात हिरवं म्हणजे फक्त सिग्नल. स्टेशनबाहेर आले तर आठवड्याचा बाजार भरलेला. लाल माठ, वालीच्या शेंगा, कोकमं, सुंगटं म्हणजे सुकी कोळंबी आणि उकड्या तांदळाच्या राशी. मी हातातली बॅग खाली ठेवली आणि पहिल्या दहा मिनिटांत नको ती खरेदी करून टाकली. प्रवासाच्या पहिल्या दिवशी कुळथाचं पीठ घेणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, ती मी.

माझं काम लोकांची मतं गोळा करायचं. पुण्याची एक संस्था मला टॅब देते, प्रश्न देते आणि कुठल्यातरी गावी पाठवते. मी दारोदार जाऊन विचारते आणि उत्तरांवर बोट टेकवते. यंदाचा विषय होता हवामान बदल आणि पाणीटंचाई. पाण्याबद्दल बोलायला मनमाडच्या बाईइतकं लायक माणूस कोण? आमच्याकडे नळाला पाणी येणार हे कळलं की ऑफिसात रजा पडते. लग्नाचा मुहूर्त काढताना भटजींच्या आधी नळाचा वार विचारतात. त्यामुळे एवढा पाऊस झेलणाऱ्या कोकणात कसली आली टंचाई, अशी माझी मनातली घमेंड होती. ती मी बॅगेत कुळथाच्या पिठाशेजारी घेऊनच एसटीत चढले.

कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं, तर त्याने तिकीट फाडायचं सोडून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, काय काम आसा थयसर?"

"सर्व्हे आहे. घरोघर जाऊन लोकांना प्रश्न विचारायचेत."

"मगे झाला! उद्या सांजेपासून तुमका त्या गावात कुत्रोसुद्धा दिसाचो नाय. गावपळण आसा."

शेजारच्या बाईने मला समजावलं. खाडीकाठच्या काही गावांत अशी रीत आहे, की काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सगळं गाव वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, मांजरं, सगळं. तीन दिवस तीन रात्री गाव रिकामं. बाहेर झोपड्या घालून राहायचं आणि देवाने पुन्हा कौल दिला की परत यायचं. हे ऐकून आधी माझा चेहरा पडला. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. अख्खं गाव एका माळावर, कोणाला शेत नाही, कोणाला दुकान नाही, आणि बोलायला दिवसभर मोकळे! मी एसटीत एकटीच हसत सुटले. गावाचं नाव मात्र इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर पुढच्या खेपेला त्या माळावर माणसांपेक्षा कॅमेरे जास्त होतील. तोंडवलीच्या वरच्या अंगाला, खाडीच्या काठी आहे, एवढं पुरे.

कार्मेलबायची पडवी

माझी उतरण्याची सोय कार्मेलबायकडे होती. साठीची, उंच, बोलताना कमरेवर हात ठेवणारी बाई. दारात पांढरा खुरीस म्हणजे क्रूस, त्याच्यापुढे मेणबत्तीचा काळा डाग, मागे माड. नवरा गेल्यावर तिने घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. मुलगा बहरीनला. तो म्हणतो, बंद कर आणि इकडे ये. ती म्हणते, मी मेल्यावर बंद कर.

तिने चहा आणला. मी मोठा घोट घेतला आणि तसाच तोंडात धरून ठेवला. साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा उघडला असणार, असं वाटलं. पहिल्याच भेटीत सांगायचं कसं?

"गीळ, गीळ गो," ती म्हणाली. "मीठ नाय घातलंय. बाव खारट झाली हा."

बाव म्हणजे विहीर. ती मला हात धरून दाखवायला घेऊन गेली. जांभ्या दगडाची गोल विहीर, काठावर नेचे, कडेला टाकीत पाणी चढवणारा पंप, आणि पाणी तर चक्क दिसत होतं, फार खोलही नाही. आमच्याकडे एवढं पाणी दिसलं तर लोक आरती करतील.

"गावातली लग्ना ह्या बावयेच्या पाण्यार झाली," ती म्हणाली. "आधी मे म्हयन्यात जरा मचूळ व्हायचा. गेली दोन वर्सा दिवाळी झाली की खारट. पावणे एक रात रवतत आणि जातत. ह्या नाताळाक चारय खोल्यो भरल्यो हत. ह्याच पाणी दिलंय तर पुढल्या वर्सा कोण येतलो?"

म्हणून तिने निर्णय घेतला होता. गावपळण संपली की त्याच दिवशी कुडाळहून बोअरची गाडी येणार होती. विहिरीशेजारी, थेट खोल. पाणी गोड लागलं तर होमस्टे चालणार, नाहीतर कुलूप लावून बहरीनचं विमान.

कुंपणापलीकडून आवाज आला, "बोर मारून काय समुद्र आटतलो काय गो?"

हे दाजी परब. एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन केळीची बाग लावली. दोन्ही घरांच्या विहिरींमध्ये एक कुंपण आणि एक फणस. त्यांच्या केळीच्या पानांच्या कडाही करपल्या होत्या. दोष त्यांनी खाऱ्या वाऱ्याला दिला होता. मी लगेच टॅब काढला आणि पहिला प्रश्न विचारला, हवामान बदल हा शब्द ऐकलाय का?

"शबूद?" दाजी म्हणाले. "बाई, आमी तेच्यात रवतो. समुद्र वर येता. पाऊस येळेर पडणा नाय. पडलो तर असो पडता की रस्तो व्हावान जाता."

"टीव्हीर रोज सांगतत," कार्मेलबाय म्हणाली. "बर्फ इतळता आणि आमची बाव खारट होता."

मी खूश! दुसऱ्या गावांत या प्रश्नाला 'सांगता येत नाही' वर बोट टेकवून माझं बोट झिजलेलं. इथे पडवीत बसल्या बसल्या दोघांनी ध्रुवापर्यंतची चौकशी करून टाकली होती. त्या रात्री घावणे आणि नारळाचा गोड रस खाल्ला, पाणी न पिता झोपले.

वेशीबाहेर

दुसऱ्या दिवशी दुपारपासून गाव हलायला लागलं. असा देखावा मी जन्मात पाहिला नाही. डोक्यावर वळकट्या, काखेत पोरं, टोपल्यांत कोंबड्या. बैलगाडीत भांडीकुंडी, छोट्या टेम्पोत गॅसची शेगडी. एका आजोबांनी पिंजऱ्यातला पोपट छातीशी धरलेला आणि पोपट सगळ्यांना शिव्या देत होता. मासेवाल्या बायका, मास्तर, ग्रामपंचायतीचा शिपाई, कोणी मागे राहिलं नाही. कार्मेलबायने मीटरखालचं मोठं बटण खाली पाडलं, खुरसापुढे मेणबत्ती लावली, मांजर पिशवीत कोंबलं आणि निघाली.

"तुमचं चर्च काही म्हणत नाही?" मी विचारलं.

"कित्याक म्हणात? गावाक राखणारो एक, माका राखणारो एक. दोघांका तीन दिवस इसाव दिलो तर बिघाडला काय?"

सूर्य बुडायच्या आत सगळे खाडीचा पूल ओलांडून पलीकडच्या माळावर आले. माडाच्या झावळ्यांच्या राहुट्या आधीच उभ्या होत्या. तीन दगडांच्या चुली पेटल्या, आणि जरा वेळाने खोबरं भाजल्याचा वास सगळीकडून एकदम आला. कोणीतरी खाडीतून कुर्ल्या, म्हणजे खेकडे आणले, कोणी तिसऱ्यांचे शिंपले. मला पाच राहुट्यांतून जेवायचं बोलावणं होतं आणि मी पाचही ठिकाणी गेले. मनमाडला पाहुण्याला आधी पाणी विचारतात. इथे आधी 'जेवलंस?' विचारतात आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढतात.

सकाळी पेज आणि सुकटीची चटणी खाऊन मी कामाला लागले. एकेकट्याला विचारायचा माझा नियम पहिल्या पाच मिनिटांतच निकालात निघाला. एकाला विचारावं तर पंधरा जण उत्तर देत. एक मासेवाली म्हणाली, बांगडो खोल गेलो, पाणी तापता म्हणान. दुसरी म्हणाली, देव कोपलो. मास्तर म्हणाले, कारखानदारी, धूर, मोठे देश. कोणी सरकारवर ढकललं, कोणी वाळू उपसणाऱ्यांवर. वाद रंगला की हातवारे, हातवारे थकले की चहा. माझ्याच प्रश्नांवर माझ्यासमोर एवढं मोठं भांडण चाललेलं पाहून मला अगदी कृतकृत्य वाटत होतं. एकच गोष्ट खटकत होती. सगळ्यांचं कारण लांबचं होतं. समुद्र, आकाश, दिल्ली, अमेरिका. आपल्या कुंपणाच्या आत कोणी बघत नव्हतं. अर्थात हे मला तेव्हा नीट सुचलं नव्हतं, खरं सांगते. मीही त्यांच्याबरोबर अमेरिकेलाच शिव्या घालत होते.

मोबाईलाक खंयचे पाय?

त्यानंतरच्या सकाळी सगळे चहा पीत बसलो होतो. खाडीपलीकडे गाव चिडीचूप. गुरव सोडून कोणालाही तिकडे पाय टाकायची मनाई, आणि तोही देवळातच. अशा त्या शांततेत पलीकडून आवाज आला. गर्रर्र... घों...

कपबशा हवेतच थांबल्या. पोरं आयांना चिकटली. रिकाम्या गावात कोण? एक म्हातारी हात जोडून काहीतरी पुटपुटायला लागली. पोपट गप्प झाला.

कार्मेलबाय मात्र कान टवकारून ऐकत होती. मग तिने मान वळवून दाजींकडे पाहिलं. दाजी चहाच्या कपात काहीतरी फार महत्त्वाचं पडल्यासारखे आत बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"दाजी! तुझो पंप तो!"

मुलाने त्यांना मोबाईलवरून चालू होणारा पंप बसवून दिला होता. सगळ्यांनी आपापली वीज बंद केली, दाजींनी मुद्दाम ठेवली होती. राहुटीत बसून बटण दाबायचं आणि तिकडे केळी भिजवायची, असा त्यांचा बेत होता. मानकरी तात्या उठले. देवाकडे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. अंगाने काटकुळे, पण उभे राहिले की माळ गप्प व्हायचा.

"दाजी, गावपळण मोडलंस तू."

"मी? माझो पाय हयसर आसा, बघ!" दाजींनी खरोखर पाय उचलून दाखवला. "मी वेशीच्या आत पाऊल टाकूक नाय. मोबाईलाक खंयचे पाय?"

लोक खो खो हसले. माझ्या मते मुद्दा बिनतोड होता. तात्या हसले नाहीत.

"तीन दिवस गाव देवाचो. झाड देवाचा, वाट देवाची, बाव देवाची. देवाच्या बावयेतला पाणी तेका इचारल्याशिवाय काढतंस तू? बंद कर."

"माझे केळी सुकतले रे!"

"सुकांदेत."

दाजींनी कपाळाला आठ्या घालत बटण दाबलं. पलीकडची घरघर थांबली. आणि ती थांबली त्याच क्षणी माझ्या डोक्यात काहीतरी सुरू झालं. मी उडी मारून उभी राहिले, चहा सांडला, कोणाच्या तरी वळकटीवर सांडला.

"म्हणजे आता गावात एकाही विहिरीतून पाणी उपसलं जाणार नाही? एकाही?"

"नाय," तात्या म्हणाले. "रीतच ती."

"मग परत गेल्यावर पाणी कसं लागतं? मागच्या वेळी चाखून बघितलं होतं कोणी?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. मागच्या गावपळणीला कार्मेलबायच्या चार खोल्या नव्हत्या, दाजींची केळी नव्हती. दोर आणि कळशीने काय उपसलं जायचं ते. विहीर खारटच नव्हती, तर चाखणार कशाला?

"खारटच आसतला," दाजी फणकारले. "आमी गाव सोडलो. समुद्रान खंय सोडल्यान? समुद्राक काय गावपळण आसा?"

कार्मेलबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आणि गोड झाला तर?"

"तर तू सांगशीत ता."

"गोड झाला तर मी बोर मारूचंय नाय," ती म्हणाली. बोलून गेली आणि स्वतःच दचकली. सगळ्या माळाने ऐकलं होतं. तात्यांनी ती संधी सोडली नाही. तिथेच गावाच्या दिशेला तोंड करून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी रयत तुझ्या आज्ञेन वेशीभायर बसली हा. ह्या कार्मेलीची बाव खारट झाली हा, ती गोड कर. दाजीचा डोक्या गरम झाला हा, ता थंड कर. चुकला माकला पोटात घाल, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा माळ एका आवाजात म्हणाला. मीही म्हटलं, आणि बरंच जोरात. कार्मेलबायने कपाळ, छाती, दोन्ही खांदे असा हात फिरवला आणि मग तीही म्हणाली, "व्हय म्हाराजा."

कौल

चौथ्या दिवशी सकाळी तात्या आणि गुरव देवळात कौल लावायला गेले. सगळ्यांनी वळकट्या बांधल्या, कोंबड्या टोपलीत घातल्या. ढोल वाजला की कौल मिळाला. ऊन वर चढलं तरी ढोल वाजेना. शेवटी तात्या पुलावरून हात हलवत परत आले. देवाने कौल दिला नाही. अजून एक दिवस.

माळावर एकच कण्हणं. पोपटाने पुन्हा तोंड सोडलं. कार्मेलबायचा चेहरा मात्र बघवत नव्हता. बोअरवाल्याचा फोन आला, ती एका बाजूला जाऊन बोलली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

"उद्या येतलो म्हणता. उद्या नाय जमला तर नाताळ झाल्यार." मग जरा थांबून म्हणाली, "गो, गोड नाय झाला तर? सगळ्यांसमोर बोललंय मी. आणि झाला तरी, पावण्यांका आंघोळीक पाणी खयसून काढू? खरा सांगतंय, माका घर सोडूचा नाय."

एरवी माझ्याकडे प्रत्येक उत्तराला रकाना असतो, याला नव्हता. मी तिच्यासाठी कुळथाचं पीठ काढलं, आणि आम्ही दोघींनी त्या संध्याकाळी सगळ्या राहुट्यांना पुरेल एवढी पिठी शिजवली. माझी फजितीची खरेदी अशी कारणी लागली.

विहिरीवर

दुसऱ्या सकाळी ढोल वाजला! मी आयुष्यात इतक्या आनंदाने सामान उचललं नाही. पूल ओलांडून सगळं गाव निघालं, पण स्वतःच्या घराकडे कोणीच वळेना. सगळे कार्मेलबायच्या अंगणात. बाहेर रस्त्यावर बोअरची गाडी येऊन उभी होती आणि ड्रायव्हर एवढी गर्दी बघून खालीच उतरेना.

वीज लावायची नाही, असं कार्मेलबायनेच सांगितलं. माळ्यावरून जुनी तांब्याची कळशी काढली. दोर तात्यांच्या घरून आला. रहाट गंजलेला, तो असा किंचाळला की मांजर पिशवीतून पळालं. कळशी वर आली. कार्मेलबायने ओंजळ भरली, ओठांना लावली आणि डोळे मिटले.

एवढी धडधड तर आमच्याकडे नळ येतानाही होत नाही.

तिने गिळलं. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायली. मग एकदम ओरडली, "गोड! गोड आसा रे! माझ्या आवशीच्या येळेसारखा!"

मग जी झुंबड उडाली! ओंजळी, तांबे, पेले. मीही प्यायले. जिभेच्या मागे अगदी पुसटसा खारेपणा होता, पण पहिल्या दिवशीच्या चहाशी तुलनाच नको. मासेवाल्या नाचल्या. "देवान ऐकल्यान!" असा एकच गलका झाला. मी तर तात्यांच्या पाया पडले, आणि मी कोणाच्या सहजी पाया पडत नाही.

दाजी शेवटी आले. प्यायले. कुंपणापलीकडे त्यांची केळी पाच दिवसांच्या उन्हाने माना टाकून उभी होती. त्यांचा हात सवयीने खिशातल्या मोबाईलकडे गेला. कार्मेलबायने ते बघितलं.

"दाजी," ती हळू म्हणाली, "देवान काय केल्यान, ठाऊक आसा? तुझो पंप बंद केल्यान. आणि माझो."

"मगे समुद्र?" दाजींनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

उत्तर तात्यांनी दिलं. "समुद्र येता हा, ता खोटा नाय. माझ्या बापाशीन बांधलेलो बांध मी बुडालेलो बघितलंय. पण तो येता म्हणान गोडा पाणी उपसून आपणच तेका दार उघडून बसाचा?"

कार्मेलबाय रस्त्यावर गेली आणि गाडी परत पाठवली. तो ड्रायव्हर फार कुरकुरला, तेव्हा तिने त्याला कळशीतलं पाणी पाजलं आणि वर दोन शहाळी दिली. परत येताना मात्र तिने पदराने डोळे पुसले. चार खोल्यांचं कोडं तसंच होतं, आणि ते तिलाच सोडवायचं होतं.

मग अंगणातच बैठक बसली. विहिरींना दर आठवड्याला एक दिवस गावपळण द्यायची, दोन्ही पंप बंद. पण वार कुठला? कार्मेलबाय म्हणाली, रविवार, त्या दिवशी देवानेही आराम केला. दाजी म्हणाले, छट, सोमवार, रामेश्वराचा वार. अर्धा तास हमरीतुमरी. दोघंही हट्टाला पेटलेले, एक इंच मागे नाही. शेवटी तात्या वैतागून म्हणाले, "मगे दोनय दिवस बंद ठेवा!" आणि दोघांनी मान डोलावली, कारण समोरच्याचा वार मानण्यापेक्षा तेच सोपं होतं. उरलेल्या दिवशी पंप अर्धा तास. केळी निम्मी करायची.

"आणि रविवारी पाहुणे आले तर?" मी विचारलं.

"तेंका दोर देवया," कार्मेलबाय म्हणाली. "मुंबयचे पावणे. पाणी काढतले आणि फोटोय काढतले."

निघण्याच्या सकाळी तिने चहा दिला. साध्या पाण्याचा, साखर घातलेला. मी दोन कप प्यायले. फॉर्म भरायची तेवढी तीच एक राहिली होती, म्हणून टॅब उघडला आणि पडवीत बसून शेवटचा प्रश्न वाचला. तुमच्या भागात पाणी कमी किंवा खराब होण्याचं मुख्य कारण कोणतं? पर्यायही वाचून दाखवले. पाऊस, समुद्र, सरकार, वाढती लोकसंख्या, सांगता येत नाही.

कार्मेलबायने विहिरीकडे पाहिलं. रहाटाला दाजी तेल घालत होते.

"लिही गो," ती म्हणाली, "मी आणि दाजी."

"असा पर्याय नाहीये यात."

"मगे घाल."

मी 'इतर' वर बोट टेकवलं आणि खालच्या जागेत टाइप करायला लागले. विहिरीवरून दाजी ओरडले, "बाई! माझा नाव आधी घाला. माझो पंप मोठो."